चौथा सांधा

त्या दुपारी बाबांनी तिला दोन हाका मारल्या आणि तिने त्या दोन्ही ऐकल्या.

मागच्या अंगणात ते आईसाठी सावली उभी करत होते. आईच्या डोळ्यांना ऊन सोसेनासं झालं होतं, आणि बाहेर बसल्याशिवाय तिला करमतही नव्हतं. चार वासे उभे, दोन आडवे, वर जाड कापड. चाळीस वर्षं इमारतींना परांच्या बांधणाऱ्या माणसाला हा पोरखेळच. तीन सांधे त्यांनी सकाळीच मौनीकाकांना हाताशी घेऊन बांधले होते. मौनीकाका हे त्यांचे कामावरचे जोडीदार. तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. पाहुणे आले म्हणून काका घरी गेले आणि चौथा सांधा राहिला.

ती खिडकीशी मुद्रितं तपासत होती. दोराचं टोक धरायला जरा ये, अशी हाक आली. पान संपवून उठू, असं तिने ठरवलं. दुसरी हाक आली तेव्हा पान संपलेलं होतं. तिने पुढचं घेतलं. राग नव्हता, घाईचं कामही नव्हतं. उन्हात उभं राहायचा कंटाळा, एवढंच. थोड्या वेळाने हातोडीचे चार-पाच ठोके ऐकू आले.

चहाच्या वेळी बाबा आत आले. तळहात सुंभाने लाल झाले होते.

"पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल तुला," ते म्हणाले. "वाचणाऱ्याचे कान डोळ्यांत जाऊन बसतात."

ती हसली. मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना ते बूट घालायला पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, कालचं नव्हे, वर्षा-दोन वर्षांचं. भेटायला येणारी माणसं म्हणत, शेवटच्या दिवशी तू घरी होतीस, नशीब. तिथेही ती मान हलवत राहिली.

तीन आठवड्यांनी मौनीकाका आले. वहिनी त्या सावलीखाली बसायच्या आधी एकदा सगळं बघून घेतो, म्हणाले. पहिल्यांदाच नावाला जागून ते गप्प होते. प्रत्येक सांध्यावर तळहाताची थाप मारत ते पुढे सरकत होते. चौथ्यापाशी थबकले.

दोराच्या वेढ्यांत लाकडाची पाचर ठोकलेली होती.

"काय रे हे," काका वाशाकडे बघून पुटपुटले. "शिकाऊ पोरासारखं."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. एकाने वेढे घालायचे, दुसऱ्याने टोक ओढून धरायचं, तेव्हा दोर लाकडात रुततो. एकट्याला ते जमत नाही. वेढे ढिले राहतात, मग ढिलाई भरायला पाचर मारावी लागते. तिच्या बापाने इतक्या वर्षांत एकदाही मारली नव्हती. दुसऱ्या कुणी मारलेली दिसली तर दिवसभर त्याची टर उडवायचा.

काकांनी पाचर काढली, दोर सोडला आणि टोक तिच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी धर, अंग मागे टाक, म्हणाले. तिने ओढलं. सुंभ तळहातात करकचला. काका वेढे घालत गेले, वाशांच्या मधून आडवे फिरवून आवळत गेले. लाकूड बारीक कुरकुरलं. दोन माणसांचं हे काम पाच मिनिटांचंही नव्हतं.

"जाताना मी म्हटलं होतं त्याला," काका गाठ मारायच्या आधी म्हणाले, "पोरीला बोलव. ऐकलं नसेल. कुणाला तसदी द्यायची म्हटलं की जिवावर यायचं त्याच्या. का तूच नव्हतीस घरी? बाहेर गेली असशील."

ते तिच्याकडे बघतही नव्हते. मान हलवली असती तरी भागलं असतं. आणि मग बाबांनी बोलावलंच नव्हतं, असं काका आयुष्यभर सांगत राहिले असते.

दोर तिने तसाच ताणून धरला.

"घरीच होते, काका. बोलावलं होतं त्यांनी. दोनदा. मला ऐकू आलं होतं. मी उठले नाही."