पदसिद्ध पिता

प्राणिसंग्रहालयाच्या कीटकघरात अकरा वर्षं काम करणाऱ्या बाईंना सगळे काडीताई म्हणत. अंगानं तर त्या काडी होत्याच. त्यातून त्यांच्या ताब्यातला सगळ्यात मोलाचा जीवही काडीच. दूरच्या वर्षावनातला हा काडीकिडा, म्हणजे खरं तर मादी, विमानतळावर एका प्रवाशाच्या बॅगेत मोज्यात गुंडाळलेली सापडली होती. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, आणि जगात फार थोड्या ठिकाणी उरलेली. कागदावर नोंद झाली: ‘मादी, नग एक.’

ती पेरूच्या फांदीला लटकून दिवस काढायची. लोक काचेला नाक लावून बघायचे आणि पेटी रिकामीच आहे म्हणत पुढे जायचे. काडीताईंना त्याचं वाईट वाटत नसे. जो नजरेत भरत नाही तो सुखी, असं त्यांचं मत होतं, आणि कचेरीत त्या स्वतः तशाच वागत.

आठ महिन्यांनी एका सकाळी पानं बदलताना फांदीवर करंगळीएवढं काहीतरी हललं. मग शेजारी आणखी एक. मादीनं अंडी टाकली होती हे ताईंना ठाऊक होतं, ती फुटतील याची मात्र खात्री नव्हती. दुपारपर्यंत तेवीस पिल्लं मोजून झाली आणि त्या हात न धुताच संचालकांकडे गेल्या.

संचालक आधी वाहनतळ खात्यात होते. तिथं त्यांनी पावतीशिवाय एक सायकलसुद्धा आत येऊ दिली नव्हती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की नर आत आला कुठून.

“नर नाहीच, साहेब. या जातीत मादी एकटीच निभावते. मुलीच होतात.”

साहेबांनी उठून दार लावलं. “हे बाहेर बोलू नका,” ते म्हणाले. “इथे शाळांच्या सहली येतात.”

दुसऱ्या दिवशी मेमो आला. आपल्या देखरेखीखालील मादीस संतती झाली असल्याने निष्काळजीपणाबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

ताई थोरल्या भावाकडे राहत. त्यांनी मेमो वहिनीला दाखवला. वहिनीनं भांडी पुसता पुसता तो वाचला.

“नवऱ्याशिवाय तेवीस पोरी,” ती म्हणाली. “नशीब काढलं बाई तिनं.”

भावानं तोंडासमोरचा पेपर आणखी वर घेतला.

चौकशी समितीत तिघे पुरुष होते, आणि तिघांनीही आजवर किडा हाताळला होता तो चपलेनं. मादी संध्याकाळची कुठे असते, पेटीची कडी कोण लावतं, शेजारच्या पेटीतले भुंगे वागायला कसे आहेत, असं सगळं त्यांनी विचारलं. ताईंनी नेलेली पुस्तकं त्यांनी आदरानं बाजूला ठेवली. ताईंच्या बाजूनं बोलले ते फक्त सुरक्षाप्रमुख. शास्त्राशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण नर आला असेल तर तो त्यांच्या फाटकातून आला असणार, आणि हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. माझ्या पहाऱ्यात नर शिरलेला नाही, सबब बाई म्हणतात तेच शास्त्र खरं, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं.

समितीनं सगळ्यांचीच मनं राखली. नर आला हे सिद्ध होत नाही, आला नाही हेही होत नाही, म्हणून यापुढे दक्षता घ्यावी. संचालकांच्या सहीनं कीटकघराच्या दारावर पाटी लागली: ‘नरांना प्रवेश निषिद्ध.’

सुरक्षाप्रमुख हुकमाचे पक्के. त्यांनी त्याच दिवसापासून पुरुषांना आत सोडणं बंद केलं. झाडूवाला, वायरमन, नातवंडांबरोबर आलेले आजोबा, सगळे पायरीवर बसू लागले. बायका मात्र मुद्दाम येऊ लागल्या, कारण तिथं निवांत टेकता यायचं. आणि निवांत बघत बसल्यावर त्यांना फांदीवरची मादी दिसायलाही लागली.

पंधरा दिवसांनी विद्यापीठातल्या एक वयस्क कीटकशास्त्रज्ञ बाई पिल्लं बघायला आल्या. साहेब त्यांना मिरवत घेऊन आले. बाई आत गेल्या आणि सुरक्षाप्रमुखांनी दारात हात आडवा धरला.

“अहो, मी संचालक आहे.”

“तो हुद्दा झाला, साहेब,” सुरक्षाप्रमुख म्हणाले. “पाटीवर हुद्द्याचं काही नाही.”

साहेब पायरीवर बसले. आत बाईंनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाल्या, तीस वर्षं यावर काम केलं, पण पेटीत जन्मलेलं पिल्लू पहिल्यांदाच बघतेय. ताईंचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी बोलता बोलता मेमोचा विषय काढला. बाईंनी मेमो दोनदा वाचला आणि त्याची एक प्रत मागून घेतली. वर्गात शिकवायला हवी, म्हणाल्या.

पेपरात बातमी आली ती ‘संचालकांच्या मार्गदर्शनाखाली’ अशी, साहेबांच्या फोटोसकट. पण पिल्लांची नोंदणी अडली. संगणकावरच्या फॉर्मात पित्याचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला की पुढचं पान उघडेना. कारकुनानं दोन दिवस डोकं खाजवलं, मग बातमी समोर ठेवून प्रामाणिकपणे भरलं: ‘संचालक (पदसिद्ध).’ तेवीस दाखले निघाले. साहेबांनी घाईघाईनं दुरुस्तीचा अर्ज केला, तेव्हा कळलं की दुरुस्तीला खऱ्या पित्याचं संमतीपत्र लागतं.

मेमो काही मागे घेतला गेला नाही. तो ताईंच्या सेवापुस्तकात अजून आहे.

थंडीच्या तोंडावर थोरली मादी फांदीवरून खाली पडली ती पुन्हा चढली नाही. ताई त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा. हातातलं काम ठेवून वहिनी शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं बदलायची होती, म्हणून ताई वेळेवर कामावर गेल्या.