तिसरी कोनशिला हलते

ओहोळपाड्याच्या ओढ्यावर साकव नव्हता, पण साकवाच्या कोनशिला तीन होत्या. दर निवडणुकीआधी भूमिपूजन व्हायचं, नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं आणि दगड मागे राहायचा. पाड्यातली माणसं काही वाया घालवणारी नव्हेत. त्यांनी तिन्ही दगड उचलून ओढ्यात टाकले. तेव्हापासून कैनाडला जायचं तर पहिल्या भूमिपूजनावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा आणि तिसऱ्यावर देवाचं नाव घेऊन पडेल तो. तिसरी कोनशिला हलायची.

गेल्या श्रावणात तिच्यावरून पाड्यातल्या धाकलीची सासू, काळी नावाची म्हातारी, घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ओढा उतरेपर्यंत तिला दोन दिवस अलीकडेच ठेवावं लागलं. म्हातारी वाचली. दवाखान्यातून आल्यावर खाटेवरूनच सुनेला म्हणाली, "उभी राहा." धाकली उठून उभी राहिली. "तशी नाय गं," म्हातारी म्हणाली, "विधानसभेला."

धाकली विधानसभेला उभी राहिली. अपक्ष. तिने बैलगाडी मागितली होती, मिळाली ढोबळी मिरची. तिची तक्रार नव्हती. शेडनेटमध्ये दिवसभर मिरच्याच तोडायच्या, त्यामुळे निदान चिन्हाशी ओळख होती. समोर होते हरिश्चंद्रसाहेब, मोठ्या पक्षाचे, विद्यमान. तिसऱ्या दगडावर 'शुभहस्ते'च्या खाली त्यांचंच नाव होतं.

तलासरीपासून डहाणूपर्यंत पाडे पालथे घालून धाकली प्रचाराच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचली. संध्याकाळी सहाला भोंगे बंद होणार होते. तिची सभा ओहोळपाड्यावर, ओढ्याच्या अलीकडे. साहेबांची सभा पलीकडे, कैनाडच्या मैदानात, आणि तिथे नाचाला तारपा, फुंकून वाजवायचं भोपळ्याचं वाद्य. तारपा वाजवणार चिमण, धाकलीचा सख्खा भाऊ. तिने अर्ज भरायच्या आधीच त्याने भातकापणीत साहेबांना शब्द देऊन टाकला होता.

"दादा, माझ्या सभेला काळं कुत्रं येनार नाय," सकाळी धाकली म्हणाली.

"शब्द दिलाय, बाय. शब्द मोडला तर तारप्यातून सूर निघायचा नाय."

"मोड म्हनलं का मी? किती वाजेपर्यंत वाजवायचं ठरलंय?"

"सहा."

"कुठं उभं राहून?"

चिमणने विचार केला. तो विचारही दमानेच करायचा. "ते नाय ठरलं," तो म्हणाला.

पाच वाजता धाकलीच्या सभेला खाटेवरची सासू, माईक धरलेली नणंद योगिता, बंदोबस्ताचा एक हवालदार आणि सात कोंबड्या हजर होत्या. कोंबड्यांना मताधिकार नव्हता. हवालदाराचं मत पालघरला होतं.

"वयनी, सुरू करू या ना," योगिता म्हणाली.

"मानसं येऊ दे."

"कुठनं येतील? आभाळातनं?"

"वड्यातनं," धाकली म्हणाली आणि पदर खोचून बसून राहिली. साडेपाच झाले. तरी ती हलली नाही.

पावणेसहाला तारपा जवळ आला.

तारप्याचा एक नेम आहे. वाजवणारा चालेल तिकडे एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची साखळी चालते. तारप्याला पाठ दाखवायची नाही आणि साखळी तोडायची नाही, नाहीतर नवं भात रुसतं. मागे एका उमेदवाराने फोटो काढून साखळी तोडली आणि तो गाडीत जाऊन बसला. तो अजून गाडीतच बसलाय. हे माहीत असल्यामुळे फोटोपुरते साखळीत शिरलेले हरिश्चंद्रसाहेब मध्येच अडकले होते. डावीकडे दोनशे माणसं, उजवीकडे शंभर. मागून त्यांचा कार्यकर्ता दिपक ओरडत होता, "साहेब, स्टेज इकडे! साहेब!" साहेबांना ते कळत होतं. तारपा तिकडे नव्हता.

चिमण ओढ्यात उतरला. पलीकडून आधी तिसरा दगड, मग दुसरा, मग पहिला. साहेब तिसऱ्यावर आले आणि बुटाखाली त्यांना स्वतःचं नाव दिसलं. आपल्याच नावावर पाय कसा द्यायचा म्हणून त्यांनी तो भक्तिभावाने उचलला, आणि कोनशिला हलली. साहेब कमरेपर्यंत पाण्यात बसले. साखळी तुटली नाही. तिने त्यांना ओढून काठावर घेतलं आणि नाचत पुढे नेलं.

सहाला आठ मिनिटं होती. धाकलीने माईक उचलला आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चिमण शब्दाचा पक्का. तो सहापर्यंत वाजवणारच. तारपा वाजतोय तोवर माणसं नाचणार, ऐकणार कोण? सगळं ठरवलं आणि नेमकं हेच राहिलं.

"दादा, थांब की!" ती ओरडली. चिमणने डोळ्यांनीच नाही सांगितलं आणि गाल आणखी फुगवले.

धाकलीने माईक योगिताकडे टाकला. साखळीच्या तोंडाशी तिचा म्होरक्या हाल्या घुंगराची काठी आपटत नाचत होता. तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि ठेक्यावर आपटली.

"पहिला दगड कुनी ओलांडला?"

"आम्ही!" साखळी ठेक्यात ओरडली.

"दुसरा कुनी ओलांडला?"

"आम्ही!"

"तिसऱ्यावरनं कोन पडलं?"

"काळी!" पाडा ओरडला. खाटेवरून म्हातारीनेही हात वर केला.

"आनि?"

साऱ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांच्या विजारीतून पाणी गळत होतं.

"तिसरा दगड हलतो का?" धाकलीने काठी आपटली.

"हलतो!"

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता. त्यांचा अनुभव ताजा होता.

"साकव पायजे का कोनशिला?"

"साकव!"

"चौथी कोनशिला?"

"नको!" हेही साहेबांच्या तोंडून ठेक्यातच निघून गेलं.

सहा वाजले. चिमणने तारपा खाली घेतला. त्याचा शब्द पुरा झाला होता. हवालदार पुढे आला, "चला, प्रचार बंद. भोंगा उतरवा."

हरिश्चंद्रसाहेब ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. पलीकडे गाडी होती आणि मध्ये त्यांची कारकीर्द. धाकली पुढे झाली आणि तिने हात दिला.

"जपून, साहेब. तिसरी हलते."

त्यांना पार करून ती तशीच पुढे निघाली. कमरेला मतदार-चिठ्ठ्यांची पिशवी, मागे योगिता.

"ओ बाई," अलीकडून हवालदार ओरडला, "प्रचार बंद झाला ना?"

"भोंगा बंद झाला," धाकली मागे न बघता म्हणाली. "घरोघर जायला कुठं भोंगा लागतो? अजून अकरा पाडे ऱ्हायलेत."