न हलणारा माल

“नाही म्हणजे काय, मॅडम? शोधा ना! एवढं मोठं भांडार तुमचं, त्यात तळहाताएवढं एक सील नाही?”

अग्निशमन प्रमुखांचा आवाज फोनमधून टेबलापलीकडेही ऐकू जात होता. विमानतळाच्या पुरवठा विभागाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि समोरच्या पडद्यावर पुन्हा नजर टाकली. वस्तूचा क्रमांक बरोबर होता. बंबाच्या पंपाच्या दांड्यावर बसणारे, गळती रोखणारे रबरी सील. शिल्लक, शून्य. शेरा, अचल साठा म्हणून रद्द. त्याखाली मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव होते आणि ते त्यांचे स्वतःचे होते.

“पंधरा मिनिटं द्या मला,” त्या म्हणाल्या.

“मी देतो हो. ते विमान देणार आहे का?”

विमानतळाकडे तीन बंब होते. एक महिनाभरापूर्वी मोठ्या दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला. आज सकाळच्या चाचणीत दुसऱ्याच्या पंपातले सील फाटले आणि पाणी नळीत जाण्याऐवजी दांड्यापाशीच फवारले. उरला एक. एका बंबावर लहान विमाने उतरवता येत, पण चार वाजून दहा मिनिटांनी यायचे ते मोठे विमान नाही. धावपट्टीशेजारी दोन बंब सज्ज नसतील, तर त्यातल्या तीनशे माणसांना दुसऱ्या शहरी उतरवायचे, हा नियम होता आणि तो योग्यच होता. विमान वळवायचे की नाही हे नियंत्रण कक्षाला दोन वाजेपर्यंत कळवायचे होते. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

बाईंनी एकामागून एक तीन फोन केले. पहिल्या विमानतळावरचे बंब वेगळ्या बनावटीचे निघाले. दुसऱ्याकडे असे एकच सील होते, ते त्यांच्या बंबात बसलेले. उत्पादकाच्या माणसाने अतिशय गोड आवाजात अकरा दिवसांची मुदत सांगितली. चौथा फोन त्यांनी करायच्या आधीच आला. संचालक साहेबांचा.

“ते सील रद्द झालंच कसं?” साहेबांनी विचारले.

“अचल साठ्याच्या मोहिमेत, साहेब. सात वर्षांत एकदाही मागणी नव्हती.”

“अत्यावश्यक वस्तू आहे हे सांगणं भांडारपालाचं काम. त्यानं लेखी आक्षेप घेतला होता का?”

“लेखी नाही.”

“मग झालं तर. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? शुक्रवारी तुमच्या बढतीचा विषय आहे बैठकीत. डोकं शांत ठेवा.”

बाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर चौकटीत बसवलेले प्रशस्तिपत्र होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुरवठा विभागाची सूत्रे हाती घेतली आणि चार हजारांवर न हलणाऱ्या वस्तू भांडारातून काढून टाकल्या. एक अख्खी शेड रिकामी झाली. इतर विमानतळांचे अधिकारी ते पाहायला आले. त्या यादीचे शेवटचे पान सहीला आले तेव्हा भांडारपाल टेबलाशी उभे होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून म्हटले होते, “मॅडम, हा माल हलत नाही हे खरं. पण हा हलावा असं वाटतं का तुम्हाला?”

बाई तेव्हा हसल्या होत्या आणि त्यांनी सही केली होती. तोंडी बोलण्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

टेबलावरचा आतला फोन वाजला.

“मॅडम, जरा खाली या,” भांडारपाल म्हणत होते. “फोनवर बोलण्यासारखं नाही.”

भांडारपालांना सगळा विमानतळ किल्लीकाका म्हणत असे. कमरेला त्रेचाळीस किल्ल्यांचा जुडगा. ते दिसायच्या आधी ऐकू येत. एकतीस वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांच्या बाई कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा कप्प्यावरचे कार्ड कसे भरायचे ते त्यांना याच माणसाने शिकवले होते. पुढे बाई परीक्षा देत देत वर चढत गेल्या, काका भांडारातच राहिले. त्यांच्या निवृत्तीला आता नऊ दिवस उरले होते.

बाई पोहोचल्या तेव्हा काकांनी त्यांचे स्वतःचे पत्र्याचे कपाट उघडून ठेवले होते. आत डबा, छत्री, जादा चष्मा. खालच्या खणातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

“उघडा.”

आत कारखान्याच्या बंद पाकिटात सील होते, काळे, तुकतुकीत. सोबत उत्पादकाचे प्रमाणपत्र. वापरण्याची मुदत पुढच्या वर्षाअखेरपर्यंत. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवले होते. त्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात दर सहा महिन्यांनी एक नोंद होती. पाकीट पाहिले. हवा नाही, ऊन नाही. ठीक.

बाईंनी टेबलाची कड धरली. मग त्यांची नजर पाकिटावरच्या क्रमांकावर गेली.

“काका, हे यादीत होतं. ‘नष्ट केले’ म्हणून सही आहे तुमची.”

“आहे की. अख्ख्या नोकरीत तेवढी एकच खोटी सही केली.”

“रद्द झालेला सरकारी माल स्वतःच्या कपाटात! याला काय म्हणतात ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“ठाऊक नसायला काय झालं? मीच शिकवायचो नव्या लोकांना. तुम्हालाही शिकवलंय.” काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “हात धजावला नाही, मॅडम. कात्री घेतली होती. पण मग मनात आलं, हे कापायचं आणि रात्री घरी जाऊन झोपायचं, जमेल का आपल्याला?”

तेवढ्यात पंपाचा फिटर घाईघाईने आत शिरला. ग्रीसने माखलेले हात चिंधीला पुसत त्याने डबा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा! म्हणजे आहे! द्या, द्या. बसवायला आणि चाचणीला दीड तास तरी जाईल.” त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. “स्लिप?”

“ती मागाहून देते,” बाई म्हणाल्या.

“नाही हं, मोठ्या बाई. तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण स्लिपशिवाय मी हात लावणार नाही. उद्या ऐन आगीत पंप बसला तर पहिली मानगूट कुणाची धरतील? माझी. हे कुठून आलं, कधीचं, कुणी दिलं, सगळं कागदावर पाहिजे.”

त्याचे बरोबर होते. बंबातला प्रत्येक भाग कोठून आला ते मागे जाऊन शोधता आले पाहिजे, हा दंडक बाईंनीच भिंतीवर लावला होता. संगणक रद्द झालेला क्रमांक घेईना, म्हणून काकांनी छापील स्लिपांचे पुस्तक पुढे केले. वस्तू, संख्या, मुदत. बाईंची लेखणी भराभर चालली. मग आला रकाना, ‘कोठून प्राप्त’.

तिथे लेखणी थांबली.

घड्याळात बारा वाजून बारा मिनिटे झाली होती. ‘राखीव साठ्यातून.’ दोन शब्द पुरले असते. कोणी विचारले नसते. राखीव साठा ही कल्पनाच अशी सोयीची, की तिथून काहीही निघू शकते. काका नऊ दिवसांनी हार घालून, भाषण ऐकून, स्वच्छ नावाने घरी गेले असते. शुक्रवारची बैठक पार पडली असती. बाईंनी ‘राखीव’ लिहिले.

काकांचा हात स्लिपवर आला.

“नको.”

“काका, तुमच्यासाठीच लिहितेय मी हे. नऊ दिवस राहिलेत.”

“म्हणूनच नको. हा बंब जळत्या विमानापुढे उभा राहायचा. त्यातल्या सीलाची जन्मकथा खोटी लिहायची?” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ‘मॅडम’ कुठेतरी गळून पडले होते. “तू पहिल्या दिवशी आलीस तेव्हा मी काय सांगितलं होतं?”

बाई एकतीस वर्षांपूर्वीच्या लिपिक मुलीच्या आवाजात म्हणाल्या, “कार्डावर आहे ते कप्प्यात पाहिजे. कप्प्यात आहे ते कार्डावर पाहिजे.”

“मग?”

“तुमचा गुरुशिष्यांचा संवाद चालू द्या,” फिटर म्हणाला, “पण मला सव्वाबाराला गाडीखाली झोपायचंय!”

स्लिपांना छापील क्रमांक असतात, त्या फाडता येत नाहीत. बाईंनी तिच्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ असे लिहिले, सही केली आणि नवी स्लिप घेतली. या वेळी लेखणी थांबली नाही. ‘सदर वस्तू दोन वर्षांपूर्वी माझ्या आदेशाने चुकीने रद्द. भांडारपालांनी तोंडी आक्षेप घेतला होता, तो मी नोंदवला नाही. त्यांनी वस्तू नष्ट न करता स्वतःच्या ताब्यात सुस्थितीत ठेवली. त्यांच्याकडून आज प्राप्त.’

काकांनी चष्मा चढवून ते दोनदा वाचले.

“‘चुकीने’ हा शब्द लागतो का?”

“लागतो.”

त्यांनी खाली सही केली. फिटरने डबा छातीशी धरला आणि तो धावतच बाहेर पडला.

त्यानंतरचा वेळ जाता जाईना. बाई अग्निशमन केंद्राच्या आवारात उभ्या होत्या. बंबाखालून फिटरचे फक्त पाय दिसत होते आणि मधूनमधून एखादी शिवी ऐकू येत होती. नवऱ्याचा निरोप आला, ‘जेवलीस का?’ बाईंनी सवयीने ‘हो’ असे टाइप केले, मग ते पुसले आणि ‘नाही’ लिहिले.

एक वाजून वीस मिनिटांनी पुन्हा साहेबांचा फोन आला.

“मिळालं म्हणे! शाब्बास! मी म्हणत होतो ना? कुठून मिळवलंत?”

बाईंनी सांगितले. स्लिपवर जसे लिहिले होते तसेच, एक शब्द कमीजास्त न करता.

“लिहून दिलंत?” साहेबांनी विचारले.

“हो.”

“मला विचारायचं तरी होतं. हे शुक्रवारी बैठकीपुढे जाणार, कळतंय ना? मी आता काही करू शकत नाही.”

“कळतंय, साहेब.”

“आणि त्या माणसावर आजच्या आज कारवाई करावी लागेल. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. किल्ल्या जमा. विभागप्रमुख म्हणून आदेशावर सही तुमची लागेल.”

“करते. माझ्यावरच्या आदेशावर कुणाची लागेल, साहेब?”

साहेबांनी फोन ठेवला.

एक शेहेचाळीसला फिटर बंबाखालून बाहेर आला आणि त्याने हाताने खूण केली. पंप सुरू झाला. समोरच्या मोकळ्या मैदानावर पाण्याची जाड धार झेपावली. पण कोणीही तिच्याकडे पाहत नव्हते. अग्निशमन प्रमुख, फिटर, बाई, तिघेही वाकून दांड्याकडे पाहत होते. तिथे एक थेंब जमला, गळला. मग दुसरा.

“गळतंय,” प्रमुखांचा चेहरा उतरला.

“थांबा हो. नवं आहे ते. घासून बसू द्या.”

“किती वेळ?”

“बसेपर्यंत.”

तिसरा थेंब पडला. चौथ्याला वेळ लागला. एक त्रेपन्न. दांड्याच्या कडेला पाचवा थेंब फुगला, थरथरला आणि तिथेच राहिला. फिटरने बोटाने तो पुसून घेतला. सगळे वाट पाहत राहिले. जागा कोरडीच राहिली. एक सत्तावन्नला प्रमुखांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला, आणि बोलता बोलता त्यांनी बाईंना उगीचच सलाम ठोकला.

चार वाजून बारा मिनिटांनी मोठे विमान उतरले. धावपट्टीशेजारी दोन बंब उभे होते, इंजिने चालू ठेवून. ते जागचे हलले नाहीत. जिन्यावरून माणसे उतरू लागली. कोणी लेकराला कडेवर घेतले होते, कोणी फोन कानाला लावला होता, कोणी सामानावरून बायकोशी वाद घालत होता. बंबांकडे कोणीही पाहिले नाही.

पाच वाजता बाई आदेश घेऊन स्वतः भांडारात गेल्या. शिपायाच्या हाती त्यांना तो पाठवता येईना. काकांनी तो उभ्यानेच वाचला, पोच म्हणून सही केली, तारीख घातली आणि आपली प्रत नीट चौघडी घालून खिशात ठेवली.

“जावक क्रमांक घालायचा राहिलाय,” ते म्हणाले.

“घालते.”

“निवृत्तीच्या कागदांचं अडेल आता, नाही?”

“अडेल. चौकशीत मी येईन तुमच्या बाजूने. लेखी.”

“लेखीच या,” काका म्हणाले, आणि दोघांनाही थोडे हसू आले.

मग किल्ल्यांची यादी समोर ठेवून ते समोरासमोर बसले. काका जुडग्यातली एकेक किल्ली बोटाने सरकवत क्रमांक सांगत होते, बाई यादीवर खूण करत होत्या. त्रेचाळीस झाल्या. तरी कडीत एक छोटी पितळी किल्ली उरली.

“ही यादीत नाही.”

“ही घरची.”

ती कडी कित्येक वर्षांत उघडली गेली नव्हती. काकांनी नख घालून पाहिले, पण कडी उघडेना. बाईंनी जुडगा आपल्याकडे ओढून घेतला. कडीचे घट्ट वेटोळे दाबून धरून त्या ती किल्ली तसूतसूने फिरवत राहिल्या. अंगठ्याचे नख मोडले. शेवटी किल्ली सुटली. काकांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, डबा आणि छत्री घेतली आणि मांडण्यांच्या मधल्या लांब वाटेने ते निघाले. त्या वाटेने ते जाताना आवाज झाला नाही, असे बाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिले.

दाराशी पोहोचल्यावर काकांनी दिवा मालवला आणि त्यांचा हात सवयीने कमरेकडे गेला. तो तिथे क्षणभर चाचपडला. मग त्यांनी तो छत्रीच्या मुठीवर ठेवला आणि दार तसेच उघडे ठेवून ते बाहेर पडले.

बाई अंधारात थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठून दार ओढले आणि कुलूप हाती घेतले. त्रेचाळिसातली नेमकी किल्ली त्यांना पाचव्या खेपेला सापडली.