दादाला मीच विचारीन

“बाकी सगळं तुम्ही करा वकीलसाहेब,” प्लासिड म्हणाला, “पन दादाची उलटतपासनी मीच घेईन.”

दिनानाथ वकिलांनी चष्मा काढला. दावा लिहायला वकील, युक्तिवादाला वकील, आणि ज्यावर सगळं उभं, ती उलटतपासणी अशिलाची! “अहो, हा खटला आहे की वाटणीतला फणस?”

“परक्यानं माझ्या भावाला भर कोर्टात खोटारडा म्हनायचं नाय. माझ्या तोंडावर तो खोटं बोलनार नाय.”

आणीबाणीच्या वर्षी दोघा भावांनी मिळून विहीर खणली. जागा मात्र थोरल्या फ्रेडरिकच्या नावावर. आता त्यानं पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं होतं आणि प्लासिडची केळी उभ्या उभ्या वाळत होती. “वकील लावताय तर पुरता लावा,” बायको, फ्लॉसी, कानीकपाळी ओरडली. ऐकतो कोण? रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की हात जोडून दादाकडे आशीर्वाद मागायचा, ही त्याची लहानपणापासूनची रीत. ज्या तोंडानं आशीर्वाद दिला, ते तोंड खोटं बोलेलच कसं? मूर्खपणाच होता, पण मायेचा.

न्यायाधीशांनी कपाळाला आठ्या घालत परवानगी दिली. फ्रेडरिकनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली.

“दादा, विहीर आपन दोघांनी खनली ना?”

“नाय. मजूर लावून मी एकट्यानं खनली.”

आवाज जरासुद्धा कापला नाही. मागून वकील कुजबुजत होते, “मजूर कोण, नावं विचारा!” प्लासिडला ऐकू येत होतं. पण जन्मात दादाला उलट उत्तर न दिलेली जीभ टाळ्याला चिकटली होती.

“आणखी प्रश्न?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाय, साहेब.”

फ्रेडरिकची साक्ष तशीच टिकली. वकिलांनी शेवटी घसा कोरडा केला, पण व्हायचं तेच झालं. दावा फेटाळला गेला.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात फ्रेडरिकनं प्लासिडच्या खांद्यावर हात ठेवला. “वकिलाची खूप भीती होती रे मला. त्यानं खोदून विचारलं असतं, तर मी गडबडलो असतो. तू उभा राहिलास नि जिवात जीव आला.” मग पायऱ्या उतरता उतरता उदारपणे म्हणाला, “पानी लागलं तर घरी येऊन माग. मी काय परका हाय?”

शेजारी फ्लॉसी प्लासिडच्या तोंडाकडे बघत होती. आता तरी हा बोलेल, असं तिला वाटत होतं.

“हो, दादा,” तो म्हणाला.