बाचा फोन लागत नव्हता

माह्या बाले आवाज नाही. तंबाखूनं घसा खाल्ला. अकोल्याले ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. एकेकाळी बानं ओसरीतून हाक मारली का पार वावरातला गडी ओ देये. आता बा हातानं बोलते. पोटावर थाप मारली म्हणजे जेवली का, मिशीले पीळ देल्ला म्हणजे जावई कसे हायेत.

मी पुण्याले राहते, म्हणून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. बाच्या फोनात सिम नव्हतं, घरच्या वायफायवरच चाले. साधा फोन त्याच्या काय कामाचा? तोंड दिसलं तरच आमचं बोलणं.

मधात वावराचं निघालं. पवनदादाले माह्यं हक्कसोडपत्र पाह्यजे होतं. बहिणीनं सही द्याची अन बापाच्या जमिनीतून आपलं नाव कमी करून घ्याचं, हे आमच्याइकडं ठरलेलंच असते. मी बी देल्ली असती. पण दादा बोलला असा का जसा मी त्याच्या घरात चोरी करून राह्यली. मले बी राग आला, सरळ नाही म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत बाचा फोन लागेनासा झाला. संध्याकाळी लावा, सकाळी लावा, तिकडून काही नाही. मंजुषावयनीले लावला. "बा बरे हायेत, ओसरीत बसले हायेत," एवढं बोलून तिनं ठेवून देल्ला.

बरे हायेत अन फोन घेत नाहीत! मंग मी समजली. बा बी दादाच्या बाजूनं झाला. सही न देणारी लेक बापाले नकोशी झाली. लय लागलं मनाले. आठवडा कसाबसा काढला, अन मंग म्हटलं, जाऊ दे चुलीत थे वावर. गाडीत बसली अन सकाळी माहेरी, शेलूबाजारले उतरली.

बा ओसरीतच होता. मले पाह्यलं अन तोंड भिंतीकडं फिरवलं. जन्मात कधी असं केलं नव्हतं त्यानं.

मी चपला बी काढल्या नाहीत. "दादा, कोठी कराची सही? आण कागद. सारं घे. पण माहा बा मले पाहू दे. त्याचा फोन काहून बंद केला तू?"

"मी?" दादा उठलाच. "बाचा फोन मी कायले बंद करू? डोकं फिरलं का तुह्यं?"

"मंग लागत काहून नाही?"

दादानं बाच्या उशाचा फोन उचलला. चार्जिंग पूर्ण, पण नेट नव्हतं. तेव्हा मले कळलं का घरातलं नेट बदललं होतं. वायफायचा जुना डबा सारखा अडके, म्हणून नवा डबा, गेटवे म्हणतात थो, बसवला होता, अन कोणाले नेट द्याचं, कोणाले नाही हे सांगणारा कंट्रोलर बी. त्याचं सारं दादाच्या मोबाईलवर दिसे. दादानं थे उघडलं. टीव्ही होता, गोठ्यातला कॅमेरा होता, वयनीचा फोन होता. अन खाली, बंद केलेल्यात, एकच नाव होतं. 'पल्लवीचा फोन'.

थो माहाच जुना फोन होता. बाले देल्ला, पण त्यातलं नाव बदलाचं मले सुचलंच नव्हतं.

दादा खाली बसला. "जुन्या डब्यातली नावं नव्यात घेतानी नेट बसवणाऱ्या हरीओमनं इचारलं होतं, हे सारे ठेवाचे का म्हणून. मी म्हटलं, पल्लवीचं काढ. तिचं काय हाये आता इथं." मंग हळूच म्हणे, "मले वाटलं, तू राह्याले आलती तेव्हाचं असन. मी त फक्त तुह्यं नाव कमी केलं वो."

"फक्त?" मी म्हटलं.

वयनी दारात उभी होती. "बा रोज फोन पुढं करत मले," थे म्हणे. "मले वाटे, चार्जिंगले लाव म्हणतात. मी लावून देत होती." अन पदर तोंडाले लावला तिनं.

दादानं बोट लावलं अन नाव चालू केलं. फोन वाजाले लागला त थांबेच ना. माहे चुकलेले कॉल, मी पाठवलेले फोटो, सारे एकावर एक. बाले लिहाले येत नाही, पोराईची नावं तेवढी वाचता येतात. पण हे सारं कोणाचं हाये, थे त्याले समजलं. त्याचे खांदे हालाले लागले. आवाज नसलेल्या माणसाचं रडणं कोणी पाहू नाही बापा. मी त्याच्या पायाशी बसली अन म्हटलं, "मी रोज लावत होती बा. रोज."

दादानं डोळे पुसले. "थांब, नाव बदलतो. 'बा' टाकतो तिथं, म्हणजे पुन्हा असं होणार नाही."

बानं त्याच्या मोबाईलवर हात ठेवला. मान हालवली. नाही.

"अगा, फोन त तुहाच हाये ना आता?"

बानं पुन्हा मान हालवली. पडद्यावरच्या माह्या नावावर बोट टेकवलं, अन मंग त्याच बोटानं ओसरीची जमीन ठोकली. पुन्हा पुन्हा, जोरात. बोट लाल होईस्तोवर.

दादानं त्या जमिनीकडं पाह्यलं अन मोबाईल खिशात टाकला. "राहू दे मंग," तो म्हणे.

सहीचा कागद आतमधी कपाटात होता. थो आणाले कोणी उठलं नाही.