वीस मैलांची गाडी

आमच्या मालकांनी बॅटरीवर चालणारी गाडी केली तेव्हा सगळ्या पाथर्डीने त्यांना वेड्यात काढलं. मी नाही काढलं. मला त्या गाडीतलं फार काही कळत होतं म्हणून नव्हे. एकदा चार्ज केली की ती वीस मैल जाते, एवढंच मला कळलं होतं. आणि पाथर्डीहून माझं माहेर सोळा मैलांवर आहे.

हे सोळा मैल मी सात वर्षांत एकदाही गेले नव्हते. एस.टी. रोज जायची. पण भाऊ न्यायला येत नाही आणि नवरा धाडत नाही, मग बाईने जायचं कसं?

भांडण कशावरून, तर विहिरीवरच्या मोटारीवरून. आमचे मालक, म्हणजे आसाराम, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात, बॅटऱ्या चार्ज करतात. माझा धाकटा भाऊ कानिफनाथ करंजीला असतो. त्याची जळालेली मोटार यांनी भरून दिली, ती आठ दिवसांत पुन्हा जळाली. तो म्हणाला, तार कच्ची भरली. हे म्हणाले, तू जोडणी चुकवलीस. बरं, घरात म्हणावं; तर तिसगावच्या भर बाजारात दोघांनी एकमेकांची अक्कल काढली. त्या दिवसापासून यांनी करंजीचं नाव टाकलं. मधल्या काळात कानिफनाथाला मुलगी झाली, चालायला लागली, यंदा शाळेत बसली. मी सख्खी आत्या, पण पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं. राग यायचा मला, दोघांचाही. पण रागावून बसले असते तर अजून सात वर्षं गेली असती.

म्हणून गाडीच्या कामात मी पदर खोचून उतरले. मोडीत निघालेल्या मोटारगाडीचा सांगाडा, चाकं फिरवायला बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा डायनामो आणि ट्रकच्या बारा बॅटऱ्या. एकेक बॅटरी उचलताना कंबर बोलायची. ॲसिड उडून माझ्या दोन लुगड्यांची चाळण झाली. शेजारणी विचारायच्या, "राहीबाई, तुमच्या मालकाचं एक येळ समजू, पर तुमी कशाला?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

यांचा हट्ट वेगळा होता. हे पूर्वी नगरला एका वर्कशॉपात होते. तिथला फोरमन म्हणाला होता, बॅटरीची गाडी गोदामात फिरवायला ठीक, लांबच्या रस्त्याला तिचा उपयोग नाही. ते वाक्य यांनी दहा वर्षं उराशी धरलं होतं. पाथर्डीहून नगरला स्वतःच्या गाडीने जायचं आणि फोरमनच्या दारात उभी करायची, बस्स.

त्र्याहत्तर सालचा जानेवारी. दुष्काळाने विहिरींचे तळ दिसायला लागले होते, मोटारी गप्प पडल्या होत्या. पण तारांत वीज होती. यांनी कागदावर वाट आखली. पहिला मुक्काम तिसगाव, बन्सी गिरणीवाल्याकडे. तिथून घाट चढून एकदम मेहेकरी, ओळखीच्या माणसाच्या विहिरीवर. मग नगर. तिसगाव आणि मेहेकरी यांच्यामध्ये करंजी आहे, बरोबर घाटाच्या पायथ्याला, आणि माझ्या भावाची विहीर रस्त्याला लागून आहे. कागदावर करंजीचं नाव नव्हतं. जणू ते गाव सरकारने उचलून दुसरीकडे ठेवलं होतं.

"आन घाट?" मी विचारलं.

"घाटाचं काय? तिसगाव ते मेहेकरी सतरा मैल. गाडी जाती वीस."

"सपाटीवर जाती वीस. चढाला ताकद जास्त लागत न्हाई व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मला एवढं कळत होतं की भरला हंडा घेऊन चालणं वेगळं आणि तोच घेऊन टेकडी चढणं वेगळं. पण एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पेटीतून चांगुणासाठी, म्हणजे भावजयीसाठी, एक खण काढला. अंदाजाने सहा वर्षांच्या पोरीचा परकर-पोलका शिवला. पिशवीत तळाशी घातला आणि वर भाकरी ठेवल्या.

"तू कशाला येतीस? वजन वाढंल," हे म्हणाले.

"बॅटऱ्यांत पानी कोन घालनार? तुमी घाईत अर्धं सांडता," मी म्हणाले आणि जाऊन बसले.

तिसगाव झकास गाठलं. गाडीला आवाज नाही, नुसती गुंऽऽ अशी घरघर. रस्त्यावरची माणसं आधी बाजूला व्हायची नाहीत आणि मग एकदम उड्या मारायची. बन्सीने गिरणीतून वायर दिली, जेवू घातलं आणि जाताना म्हणाला, "आसाराम, गाडी चांगली हाय, पर मानसाला सोयरे लई पायजेत तिच्यासाठी. जागोजाग." हे हसले. मी नाही हसले. मला ते अगदी पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंजी आली. यांनी मान इतकी ताठ केली की उजवीकडे बघायला नको. मी बघितलं. विहीर दिसली, घर दिसलं, अंगणात दोरीवर एवढासा झगा वाळत होता. गाडी पुढे गेली आणि घाटाला लागली.

पहिल्या वळणाला गाडी बैलाच्या चालीवर आली. दुसऱ्या वळणाला मी बाहेर उतरले असते तर तिच्या पुढे गेले असते. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे मीटरचा काटा पार खाली पडला, गाडीने एक कण्हण्यासारखा आवाज केला आणि थांबली. यांनी ब्रेक दाबून धरला, मी उतरून चाकाला दगड लावला.

तिथे दुष्काळी कामावर पंधरा-वीस माणसं खडी फोडत होती. बायका डोक्यावरची घमेली तशीच घेऊन बघायला आल्या. मुकादम म्हणाला, "दादा, समदे मिळून ढकलतो वर. त्यात काय!"

यांचा चेहरा उजळला. माझा पडला. वर ढकलली की पलीकडे उतार, उताराने मेहेकरीच्या जवळ पोहोचतील, आणि माझं माहेर पुन्हा मागे राहील. सात वर्षं, बारा बॅटऱ्या, दोन लुगडी, आणि हाती काय, तर लांबून बघितलेला एक झगा. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"ढकला की," मी म्हणाले. "पर मंग फोरमनला काय सांगनार? गाडी आली का गाडी आनली?"

यांनी मुकादमाला हातानेच थांबवलं.

"तुमी म्हनता सोताच्या बळावर गेली पायजे. पंधरा मानसांच्या बळावर तर बिनमोटारीचा सांगाडाबी नगरला जाईल."

"मंग काय करू? इथंच बसू?"

"खाली जायचं. उताराला वीज लागत न्हाई. पायथ्याला वायर हाय, बॅटऱ्या भरायच्या आन पुन्ना चढायचं."

"राही, त्या दारात मी पाय ठेवनार न्हाई."

"नका ठेवू. गाडीत बसून ऱ्हावा. मी ठेवते."

चारचौघांत मी यांना असं कधी बोलले नव्हते. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. यांनी एकदा वर घाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मुकादमाला म्हणाले, "तोंड फिरवायला हात लावा." गाडी वळवली. दगड मी काढला.

उतारावर गाडी काय पळाली! जिला वर जायला अर्धा तास लागला ती पाच मिनिटांत खाली. सपाटी लागली तशी मंदावली आणि विहिरीच्या एक शेत अलीकडे उभी राहिली. हे चाक धरून समोर बघत बसले. मी पिशवी घेतली आणि चालू लागले.

कानिफनाथ अंगणात खाट विणत होता. मला बघून त्याच्या हातातली दोरी सुटली. "आक्का! एकटीच?"

"दाजी रस्त्यात हायेत. बॅटरी उतरली. त्यांना आनायला तू जायचं."

"मी? त्यांनी मला भर बाजारात—"

"तू त्यांना काय ओवाळलं हुतंस? मी कुनाची बाजू घ्यायला आले न्हाई, कानिफा. मी माझ्या भावाच्या घरी आले. पर नवऱ्याला रस्त्यावर बसवून मी तुझ्या घरचं पानीबी पिनार न्हाई. आता सांग."

चांगुणा दारात आली होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. कानिफनाथाने पायात वहाणा घातल्या.

लांबून मी बघत होते. तो गाडीपाशी गेला. दोघं काय बोलले ते मला आजतागायत कळलेलं नाही. बराच वेळ दोघेही उभे होते. मग कानिफनाथ गाडीच्या मागे गेला, खांदा लावला, आणि यांनी चाक विहिरीकडे वळवलं. तेव्हा मी तिथेच अंगणात बसून रडले. एक पोरगी परकर सावरत आली आणि विचारायला लागली, "तुमी कोन?"

मोटारीच्या खोपीतून वायर घेतली. विहिरीला पाणी नव्हतं, मोटार तशीही रिकामीच होती. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या भरल्या. हे म्हणाले, "चल, बस."

"मी येत न्हाई. माझं वजन गेलं की गाडी घाट चढंल. तुमी जाऊन या."

"आन तुला न्यायला कोन येनार?"

"तुमीच. परतीला इथं थांबल्याबिगर गाडी पाथर्डीला पोचनार हाय का?"

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. गाडी घाटाला लागली, वळणावळणाने वर गेली आणि दिसेनाशी झाली. कुणी ढकलली नाही. मी कानिफनाथाला मुद्दाम मागे पाठवलं होतं बघायला.

चौथ्या दिवशी हे परत आले. फोरमनने गाडी बघितली म्हणे, खाली वाकून वाकून बघितली. शेवटी म्हणाला, "आली खरी. पण वीस मैलांवर थांबायचं, दहा तास बसायचं, पुन्हा वीस मैल जायचं. एवढा वेळ कुणाला आहे, आसाराम?"

"मंग तुमी काय म्हनला?" मी विचारलं.

"काय म्हननार? खरंच हाय ते."

त्यांचा चेहरा पडला होता. कानिफनाथाने काही न विचारता वायर जोडली, चांगुणाने पाटावर ताट मांडलं, पोर नवा परकर घालून गाडीत जाऊन बसली. जेवताना हे चांगुणाला म्हणाले, "भाजी बरी झालीय." सात वर्षांनी.

सकाळपर्यंत बॅटऱ्या भरल्या. मी पिशवी भरून दारात ठेवली. यांनी ती पाहिली, आणि उचलून परत आत नेऊन ठेवली.

आम्ही निघालो, ते आणखी पाच दिवसांनी.