कोपऱ्यावरची पट्टी

चौदा मिलिमीटरची गाठ कागदावर चार मिलिमीटरची झाली होती.

टेबलाखाली एक चप्पल उलटी पडली होती.

"चिकटवून टाक," प्रोग्रामरचे बॉस नंतर म्हणणार होते.

बाहेर काउंटरवर कुणीतरी एकामागून एक नावं पुकारत होतं, आणि प्रत्येक नावाला एक खुर्ची कुरकुरत होती.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बटणांची एक पट्टी. वीतभर लांब, कशालाच न चिकटलेली.

*

"मी इथे नाहीच असं समजून टाइप करा," प्रोग्रामर म्हणाला.

"खुर्चीला रेलून उभं राहिल्यावर कसं समजायचं?"

त्याने खुर्चीवरचा हात काढला. आपल्या ऑफिसात जी चूक एकदाही दिसली नव्हती ती बघायला तो इथे, स्कॅनचे रिपोर्ट टाइप होतात त्या खोलीत आला होता.

टायपिस्टने हेडफोन चढवले आणि उरलेली चप्पलही काढली. टेबलाखाली पेडल होतं. ते दाबलं की डॉक्टरांचा रेकॉर्ड केलेला आवाज तिच्या कानात चालू व्हायचा, पाय उचलला की थांबायचा. तिची नजर स्क्रीनवर नव्हतीच, समोरच्या भिंतीतल्या रिकाम्या खिळ्यावर होती. बोटं मात्र धावत होती. मोजमाप आलं तशी तिने माउस उचलला, पट्टीवरचं 'माप' हे बटण दाबलं आणि आकडा टाइप केला.

"किती टाइप केलंत?"

"एकतीस."

"आलंय एक."

तिने हेडफोन गळ्यात उतरवले.

"म्हणजे मी वेडी नाही."

"नाही. पहिली कळ पट्टीने गिळली."

"डॉक्टरांच्या मते मी गिळते."

त्याला आता कळलं होतं. पट्टी वर जागच्या जागी चिकटलेली असली की बटण दाबून झाल्यावर कीबोर्डचा ताबा आपोआप मजकुराकडे परत जायचा. ओढून सुटी केली की तीच एक छोटी खिडकी व्हायची, आणि बटण दाबलं की ताबा स्वतःकडे ठेवून घ्यायची. पुढची कळ तिच्यावर आपटायची, मग तिच्या लक्षात यायचं की हे आपलं नव्हे, आणि मग ती ताबा सोडायची. ऑफिसात पट्टी कुणी सुटी करतच नव्हतं.

"ताई, ही वर चिकटवली तर त्रास आत्ताच्या आत्ता संपतो. बघा."

त्याने वाकून माउस घेतला आणि पट्टी वर ओढली. कोपरा उघडा पडला. टायपिस्टने मान खाली घातली, थेट मांडीकडे.

"परत ठेवा."

"एकच मिनिट, मी दाखवतो—"

"आधी ठेवा. मग बोला."

त्याने पट्टी होती तिथे ठेवली.

"नुसतं पेशंटचं नाव आहे हो तिथे."

"तेच."

"नावाने काय होतं?"

"नावाने माणूस होतो. मला फुप्फुस टाइप करायचं असतं." तिने पायाने चाचपडत उलटी चप्पल सुलटी केली. "महिन्यात तीन आकडे चुकले. तिन्ही सही करताना डॉक्टरांनी पकडले म्हणून बरं. चौथा चुकला की माझी बदली काउंटरवर."

दाराबाहेर नाव पुकारलं गेलं. तिने पुन्हा हेडफोन चढवले. पाय मात्र पेडलवर नव्हता.

*

"एका बाईसाठी?" बॉसनी विचारलं.

"तक्रार एकीने केलीय. पट्टी किती जणांनी सुटी केलीय ते आपल्याला माहीत नाही."

"अरे, एका ओळीचं काम आहे. पट्टी सुटीच होऊ द्यायची नाही. उद्या सकाळी नवी आवृत्ती द्यायचीय, कशाला नसती उठाठेव?"

खरंच एका ओळीचं काम होतं. त्याने ती ओळ लिहिली. उठला, पाणी प्यायला. बसला. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. ओळ वाचली. उठला. खिडकीपर्यंत जाऊन आला आणि उभ्या उभ्याच ओळ खोडली.

पहिला प्रयत्न: बटण दाबून होताच ताबा पट्टीकडून हिसकावून घ्यायचा.

शेजारी शंकासुर बसायचा. काम तपासणीचं, स्वभावही तोच; खरं नाव कुणाच्या लक्षात उरलं नव्हतं.

"तुझे चौदा कुठे गेले बघ," शंकासुर म्हणाला.

चौदा रिपोर्टच्या माथ्यावर जाऊन बसले होते, शीर्षकाच्याही वर. ताबा परत आला होता, पण जिथून गेला तिथे नाही.

दुसरा प्रयत्न: पट्टीला ताबा द्यायचाच नाही. आकडे बरोबर आले. शंकासुराने माउस उचलून उताणा ठेवला.

"समज माझा उजवा हात मोडलाय. माउस धरता येत नाही. आता मी पट्टीवर कसा जाऊ?"

"नाही जाता येणार."

"वा. एकीला वाट दिलीस आणि माझी बंद केलीस."

"तुझा हात मोडलेला नाहीये."

"मोडेपर्यंत थांबू का?"

तिसऱ्या प्रयत्नाला दुपार कलली. आता माउसने बटण दाबलं तर पट्टी ताबा घेत नव्हती. कुणी कीबोर्डवरून बोलावलं तरच यायची, आणि कुठल्या शब्दापासून उठून आलो ते लक्षात ठेवून तिथेच परत सोडायची. शंकासुराने ती चाळीस वेळा सुटी केली, चिकटवली, दुसऱ्या स्क्रीनवर नेली. मग हाताची घडी घालून बसला.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणून तर गप्प आहे."

दारातून बॉस डोकावले.

"झालं?"

"झालं."

काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

*

सकाळी टायपिस्ट यायच्या आधीच त्याने नवी आवृत्ती चढवली. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती: नव्या आवृत्तीत पट्टी पहिल्यांदा वर चिकटूनच उघडते. कालचा अर्धवट रिपोर्ट समोर आला, आणि कोपरा उघडा. त्याने नाव वाचलं. मग घाईघाईने पट्टी खाली ओढली. आडनावाची दोन अक्षरं बाहेर राहिली होती, म्हणून आणखी जराशी सरकवली.

ती आली. चपला काढल्या. पेडल, खिळा, माउस, 'माप', आकडा. मग आयुष्यात पहिल्यांदाच बघत असावी तशी तिने स्क्रीनकडे बघितलं.

१४.

तिने पुन्हा केलं. ३१.

"सुटली की हो गिळायची सवय," ती म्हणाली. "पट्टीची." आणि थोड्या वेळाने, मागे न बघता, "तुम्ही नाव वाचलंत का?"

"नाही."

"बरं केलंत."

तो बाहेर पडला तेव्हा काउंटरपुढच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. तो दारापाशी पोचला आणि मागून तेच नाव पुकारलं गेलं. एक खुर्ची कुरकुरली. प्रोग्रामरने मान खाली घातली, बुटांच्या नाड्यांकडे बघत दार ढकललं.

अकरा वर्षांपूर्वी, ही पट्टी सुटी होत नव्हती आणि कोपऱ्यातलं नाव उघडंच असायचं तेव्हा, टायपिस्टने आतल्या खोलीतल्या त्याच खुर्चीत बसून आपल्या धाकट्या भावाचा रिपोर्ट टाइप केला होता. दोन पानं. एकही आकडा चुकला नव्हता.